हिरवं पाणी आणि तीन खिळे

मुलांनो, ती दुपार अजून जशीच्या तशी माझ्यासमोर उभी राहते. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होते. एका पहारेकऱ्याचा फोन आला, "मॅडम, रस्त्याकडेचं गटार हिरवंगार वाहतंय. साफसफाईवाल्यानं झाकण उचललं आणि खोकत खालीच बसला."

ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद घेतली. एक पथक जागेवर पाठवून मी आधी त्या सफाईवाल्याला नेलं होतं त्या रुग्णालयात गेले. मूळचा सिंधुदुर्गातला तो माणूस खाटेवर हसत बसला होता.

"मॅडम, मी ठणठणीत आसय. गटाराचो वास माका काय नवो?"

घरी जायला त्याच्या बायकोने पिशवी भरून ठेवलीच होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "नुसत्या गटारातल्या वायूनं झालं असेल, तर आता काळजी नाही. पण काही आम्लांचा धूर फसवा असतो. माणूस कित्येक तास बरा दिसतो आणि मग फुफ्फुसांत पाणी भरतं. तिथं काय ओतलं होतं, तेवढं सांगा. माझं न ऐकता सही केलीय यांनी, कागदपत्रं झाली की निघतील."

म्हणजे आम्ही नुसता गुन्हेगार शोधत नव्हतो. त्या माणसाने घर गाठण्याआधी आम्हाला एका रसायनाचं नाव हवं होतं.

गटाराच्या त्या चेंबरमध्ये तीन कारखान्यांचे पाइप येत होते आणि मी तिथे पोहोचले तेव्हा तिघेही एकमेकांकडे बोट दाखवत होते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकारी बाई पंचांसमोर नमुन्यांच्या बाटल्यांना सील लावत होत्या.

"अहवाल कधी मिळेल?"

"आज नाही." मग त्या आमच्या ड्रायव्हरकडे वळल्या. "लोखंडी खिळे आहेत का हो?"

पॉलिश पेपरने घासलेले तीन खिळे दोऱ्याला बांधून त्यांनी एकेका पाइपच्या तोंडाशी सोडले. थोड्या वेळाने वर ओढले. दोन होते तसेच निघाले. तिसरा चिंचेने घासलेल्या भांड्यासारखा लालसर झाला होता.

"आयला, जादूच की!" आमचा हवालदार म्हणाला.

"पाण्यात विरघळलेलं तांबं लोखंडावर येऊन बसतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "पुरावा म्हणून बाटल्या. खिळा फक्त दार दाखवतो."

याचं रासायनिक समीकरण मी शाळेत इंग्रजीतून पाठ केलं होतं. पण पदार्थ आपला नियम गटारातही मोडत नाही, हे पाहून माझ्या अंगावर काटा आला.

त्या पाइपमागच्या कारखान्यात सर्किट बोर्ड बनत. मुलांनो, तुमच्या फोनच्या पोटात जी हिरवी पाटी असते ना, ती. भिंतीवर प्रमाणपत्रांची रांग होती. सुपरवायझर म्हणाला, "आमचं सगळं नियमात आहे."

मी आवाज चढवला नाही. समोरचा बोर्ड उचलला आणि हे काय ते विचारलं. त्याने मला भिंग दिलं. तांब्याच्या रेषा एखाद्या शहराच्या नकाशासारख्या पसरल्या होत्या, केसासारख्या बारीक, आणि एकही दुसरीला शिवत नव्हती. मी खरोखर थक्क झाले. तो खुलला.

"एका रेषेला ओरखडा दिसला तरी अख्खा बोर्ड बाद, मॅडम. हे रुग्णालयातल्या यंत्रांत जातात. तिथं चूक चालत नाही."

"रुग्णालयातूनच आलेय मी. तुमच्या गटारावर वाकलेला माणूस घरी निघालाय. काय ओतलं ते कळलं, तरच डॉक्टर त्याला थांबवू शकतील."

त्याने कपाळ पुसलं. "नायट्रिक... वापरलेलं नायट्रिक ॲसिड. बोर्डांवर तांब्याचा थर देताना ते टांगायच्या सळ्यांवरही तांबं चढतं, ते त्यात उतरवतो. वापरलेलं ॲसिड न्यायला परवानाधारकाची गाडी येते, ती आलीच नाही. ठरल्या मुदतीपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि उद्या तपासणी. जुनी पिंपं दिसली असती तर शेरा आला असता."

"म्हणून गटारात?"

"रेकॉर्ड स्वच्छ राहावं म्हणून, मॅडम."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. नाव ऐकताच ते तिकडे वॉर्डातल्या नर्सला ओरडलेच, "त्यांना जिन्यावर अडवा!"

संध्याकाळी त्या माणसाचा श्वास खरंच अडखळू लागला.  रात्रभर त्याला ऑक्सिजन लावला होता.

पोलिसासमोरचा कबुलीजबाब न्यायालयात टिकत नाही, म्हणून पुढचा खटला आम्ही सीलबंद नमुन्यांवर उभा केला. पण त्या कबुलीने एक जीव वाचला. कोंडीत पकडलेला माणूस स्वतःला वाचवायला खोटं बोलतो. त्याच माणसाच्या हाती दुसऱ्या कुणाचा तरी जीव ठेवा, पुष्कळदा तो खरं बोलतो. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं, आणि याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या दारात त्याची बायको भेटली. डोळे सुजलेले, तरी हसत होती. "मॅडम, उठल्या उठल्या चाय मागितल्यानी. वर साखर कमी म्हणान माझ्यारच ओरडले!"

"मग तुम्ही काय केलंत?"

"ओरडूक दिलंय. श्वास पुरता म्हणान तर ओरडतत."