ओजसचा व्हिडिओ आणि माझे यॉर्कर

आमच्या ओजसला अमेरिकेतल्या एकाही कॉलेजने बेसबॉलच्या टीममध्ये घेऊ नये, यासाठी मी जेवढे कष्ट उपसले, तेवढे इतर बाप मुलाला पुढे आणण्यासाठी उपसतात.

मी मूळचा डोंबिवलीचा. नोकरी दुबईत, शिपिंग कंपनीत, आणि बिऱ्हाड इंटरनॅशनल सिटीत. आमच्या घराण्यात क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाकडे कोणी वाकड्या नजरेनेसुद्धा पाहिलेलं नाही. आणि या घराण्याचा एकुलता एक वारस शाळेत जाऊन शिकला काय, तर बेसबॉल! त्यातही तो कॅचर. म्हणजे बॅट्समनच्या मागे उकिडवं बसायचं, तोंडाला पिंजरा बांधायचा आणि समोरचा फेकेल तो चेंडू झेलायचा.

"म्हणजे विकेटकीपर!" मी पहिल्याच दिवशी म्हणालो.

"नो, बाबा," तो म्हणाला.

(पुढली सहा वर्षं खेळाविषयी आमच्यात झालेला संवाद एवढाच.)

पण पोरगा खेळायचा मात्र मन लावून. त्याच्या त्या भल्यामोठ्या चामडी ग्लोव्हला माझी बायको मंजिरी दर खंडेनवमीला हळदकुंकू लावायची. एकदा ते ओलं राहिलं आणि त्या दिवशीच्या मॅचमध्ये पांढरा चेंडू अर्ध्या तासात केशरी झाला. अंपायरने चेंडू हुंगून पाहिला म्हणे!

अकरावीची परीक्षा संपली आणि ओजसने जाहीर केलं, "मला अमेरिकेत कॉलेज बेसबॉल खेळायचंय. कोच लोकांना व्हिडिओ पाठवावा लागतो. तो आवडला तरच ते बोलतात."

"आणि नाही आवडला तर?" मंजिरीने विचारलं.

"देन आय ॲम डन."

"डन नाही. मग पुणं. माझ्या भावाकडे राहायचं आणि इंजिनिअरिंग करायचं. ऑगस्टअखेर एकाही कोचचं उत्तर आलं नाही, तर तो ग्लोव्ह माळ्यावर आणि तू एन्ट्रन्सच्या क्लासला. कबूल?"

ओजसने मान हलवली. पण मान हलवताना त्याने ग्लोव्ह पोटाशी घट्ट धरला होता. मी तिथल्या तिथे मनाशी ठरवलं, की या पोराचा व्हिडिओ असा झाला पाहिजे, की अख्खी अमेरिका विमानतळावर हार घेऊन उभी राहील!

आता व्हिडिओ म्हणजे आधी शूटिंग हवं. मॅचेसचं शूटिंग मंजिरीने दोन वर्षं नित्यनेमाने केलेलं होतंच. त्यात एकच अडचण होती. ओजसने चांगला फटका मारला, की ती टाळ्या वाजवायची. मोबाईल हातात असतानाच! त्यामुळे त्याच्या प्रत्येक उत्तम फटक्याच्या वेळी पडद्यावर फक्त मंजिरीचा तळहात, आकाश, तळहात, आकाश. फटका फसला, की मात्र कॅमेरा देवघरातल्या समईसारखा स्थिर.

शिवाय कॅचिंगचं शूटिंग नव्हतंच. आणि जून महिना! टीममधली सगळी पोरं सुट्टीवर आपापल्या देशात गेलेली. चेंडू टाकणार कोण?

"मी आहे की!" मी म्हणालो.

"बाबा, प्लीज."

"प्लीज काय प्लीज? डोंबिवलीत माझ्या यॉर्करने माणसं लंगडत घरी जायची!" (एकच माणूस लंगडत गेला होता. तो आमचाच अंपायर होता.)

पहाटे, ऊन तापायच्या आत, आम्ही घराजवळच्या ड्रॅगन मार्ट या मॉलच्या मागल्या मोकळ्या वाळूत गेलो. पहाट नावालाच. हवा अशी, की कोणी तरी उघड्या भट्टीवरून पंखा फिरवतंय. ओजस छातीला, गुडघ्यांना, तोंडाला चिलखत चढवून बसला. मंजिरीने मोबाईल पाण्याच्या कूलरवर टेकवून ठेवला. त्यात फक्त ओजस दिसत होता. मी दिसत नव्हतो, हे पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

मी वीस पावलांचा रनअप घेतला. आलो, उडी मारली आणि टाकला! चेंडू ओजसच्या बराच अलीकडे वाळूत घुसला आणि फुत्कारत त्याच्या गळ्याकडे उसळला. त्याने गुडघे टेकून तो छातीवर घेतला.

"बाबा, नो बाउन्स! चेंडू टप्पा न पडता आला पाहिजे."

"टप्प्याशिवाय? त्याला आम्ही फुलटॉस म्हणतो, आणि टाकणाऱ्याला गाढव!"

पुढचा डावीकडे गेला. त्याच्या पुढचा उजवीकडे. एक चेंडू तर माझ्या हातातून मागेच सुटला आणि मंजिरीच्या थर्मासला लागला. पण पोरगं काय चिवट! सरपटणारा आला, आडवा पडून अडवला. उसळता आला, खांद्यावर घेतला. वाळूत तोंड, कानात वाळू, तरी एक चेंडू त्याने मागे जाऊ दिला नाही. वर प्रत्येक वेळी म्हणायचा, "गुड वन, बाबा. नेक्स्ट."

शेवटी एका चेंडूला चेंडू माझ्या हातातच राहिला आणि पाठीतून 'कटक' असा आवाज आला. मला दोघांनी गाडीच्या मागच्या सीटवर आडवं ठेवलं. गालिच्याची गुंडाळी ठेवतात तसं.

"हे सगळं डिलीट करा," ओजस गाडीत म्हणाला. "ऑल ऑफ इट. कोच मरतील हसून. कॅचिंगचं पुढे बघू. बाकीचा व्हिडिओ मी शनिवारी बसून करतो. तीनच मिनिटांचा. म्युझिक नको, काही नको."

शनिवार! आणि आज तर रविवार. मी अंथरुणावर पालथा पडून विचार केला. तीन मिनिटांत तर आमच्याकडे लग्नात व्याह्यांची ओळखही होत नाही. पोराला काय कळतंय? आपणच करून टाकू आणि त्याला चकित करू!

मी सगळं शूटिंग घेतलं आणि गाठलं इस्माईलभाईंना. इस्माईलभाई मूळचे दापोलीकडचे. शारजात त्यांचा व्हिडिओचा व्यवसाय. अर्ध्या आखातातली कोकणी लग्नं त्यांच्याच कॅमेऱ्यातून पार पडलेली.

"भाऊ, बेसबॉल मी कधी केला नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "पण माणूस माणूसच असतो ना? नवरदेवासारखाच उठावदार काढू, इन्शाल्ला!"

मी कंबरेला पट्टा बांधून त्यांच्या शेजारी बसलो आणि फटके निवडायला लागलो. तळहात-आकाशवाले गेले बाद. उरलेले मात्र काय देखणे! चेंडू बॅटच्या कडेला हलकेच लागून मागे जातोय. काही डावीकडून, काही उजवीकडून.

"वा! काय नाजूक लेग ग्लान्स आहे!" मी ओरडलो. "हा घ्या. हा लेट कट घ्या. हा तर स्लो मोशनमध्ये घ्या!"

"पाकळ्या टाकू?"

"टाका!"

एक फटका कोणा दुसऱ्या पालकाने काढलेला होता. त्यात चेंडू कुंपणापार गेला होता. पण तो मारल्यावर ओजसने बॅट चक्क जमिनीवर फेकली आणि पळाला. मला ते पाहवेना. आमच्याकडे बॅटीला पाय लागला तर नमस्कार करतात!

"हा काढून टाका. कोच म्हणतील, संस्कार नाहीत पोरावर."

"खलास," इस्माईलभाई म्हणाले, आणि तो षटकार गेला.

बुधवारी व्हिडिओ तयार झाला. सुरुवातीला गणपती. मग कमळ उमलतं आणि त्यातून ओजस वर येतो. मग त्याची उंची, वजन, जन्मगाव, आईवडिलांचं शिक्षण, मामाचा हुद्दा. मग सनई. कोचांच्या पत्त्यांची यादी ओजसने आधीच कॉम्प्युटरवर करून ठेवली होती. मी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलासुद्धा नाही. (पाठीमुळे बसवत नव्हतं.) यल्ला, म्हणजे अरबीत 'चला', म्हटलं आणि यादीतल्या सगळ्यांना पाठवून दिला!

संध्याकाळी सगळ्यांना समोर बसवून मी तो टीव्हीवर लावला.

गणपतीला ओजसने नमस्कार केला. कमळ उमललं तेव्हा तो थोडा पुढे सरकला. पहिल्या लेग ग्लान्सवर पाकळ्या पडल्या तेव्हा त्याचा चेहरा पांढरा झाला.

"बाबा… दॅट्स अ फाउल."

"काय?"

"मागे गेलेला चेंडू फाउल असतो. फुकट! चुकलेला!"

"हा पण?"

"तो पण."

"आणि हा स्लो मोशनमधला?"

"बाबा, हे सगळेच!" त्याचा आवाज चिरकला. "माझी होम रन कुठाय? कुंपणापार गेलेली! ती एकच क्लिअर होती!"

मी बॅटीच्या संस्काराविषयी थोडक्यात सांगितलं.

"असू दे," मंजिरी त्याला समजावत म्हणाली, "अजून पाठवलाय कुठे?"

मी छताकडे पाहिलं.

"अहो!"

तेवढ्यात पडद्यावर 'शुभं भवतु' अशी सोनेरी अक्षरं आली आणि आम्हाला वाटलं, सुटलो. पण नाही! अक्षरं विरली आणि वाळूतला ओजस आला. ड्रॅगन मार्टच्या मागचा! (ते डिलीट करायचं राहूनच गेलं होतं.) सनई चालूच. चेंडूमागून चेंडू, वाळूमागून वाळू, सगळंच्या सगळं, एकही फ्रेम न कापता!

मी इस्माईलभाईंना फोन लावला. "अहो, ते शेवटचं कशाला जोडलंत?"

"भाऊ, मी कुणाचं शूटिंग फेकत नाही. लग्नाचं उरलेलं सगळं शेवटी पंगतीत जोडतो. नाय तर गिऱ्हाईक येऊन भांडतं, माझी मावशी जेवत होती ती कुठं गेली म्हणून!"

ओजस उठला, ग्लोव्ह घेतला, स्टूलवर चढला आणि तो माळ्यावर ठेवून खोलीत गेला. ऑगस्ट यायचा होता अजून. मंजिरीने माझ्याकडे असं पाहिलं, की पाठीतलं दुखणं मला एकदम सोबतीसारखं वाटायला लागलं.

पुढचे दोन आठवडे घरात मला 'ते' म्हणत होते. "त्यांना चहा हवाय का विचार." "त्यांना सांग, मीठ संपलंय." कोणत्याही कोचचं उत्तर आलं नाही. मामाने पुण्याहून क्लासचं माहितीपत्रक पाठवलं. मी ते वाचलं, आणि खरं सांगतो, पोराकडे बघायचं धाडस होईना.

आणि एका सकाळी ओजस मोबाईल हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा. केस उभे, डोळे मोठे.

"एक कोच. रिप्लाय."

"वाच! मराठीत वाच, माझे हात पिठाचे आहेत," मंजिरी म्हणाली. (पिठाचा आणि इंग्रजीचा काय संबंध, हे विचारायची माझी तेव्हा पत नव्हती.)

ओजस अडखळत सांगू लागला. "तो म्हणतो, पहिला भाग आम्हाला कळला नाही. लग्न ठरलं असेल तर अभिनंदन."

"पुढे?"

"व्हिडिओ बंद करणारच होतो, पण सनई आवडली म्हणून चालू ठेवला. आणि मग शेवटचा भाग आला." ओजसने स्क्रीन वर सरकवली. "तो म्हणतो, इतके वेडेवाकडे चेंडू अडवणारा कॅचर मी या वयात पाहिलेला नाही. एकही मागे जाऊ दिला नाहीस. आम्ही तो भाग सगळ्या टीमला दाखवला. होम रन मारलेली असेल तर तीही पाठव. शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर बोलू या का?"

मंजिरीने पिठाचा हात तसाच ओजसच्या गालावरून फिरवला. मी पाठ विसरून उठलो आणि पाठीने आठवण करून दिल्यावर बसलो. ओजसने स्टूल ओढलं आणि ग्लोव्ह माळ्यावरून खाली काढला.

"बघितलंस?" मी म्हणालो. "शेवटी कोणाची बॉलिंग कामाला आली?"

"थांबा, अजून आहे," ओजस म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. "तो विचारतो, तुमचं चेंडू फेकायचं मशीन कोणत्या कंपनीचं आहे? इतके भयानक चेंडू टाकणारं मशीन आमच्याकडे मिळत नाही. सरावाला फार उपयोगी पडेल. विकत मिळेल का?"

मी छाती काढून काही तरी बोलणार होतो. पण मंजिरीने लाटणं खाली ठेवलं.

"लिही त्याला," ती म्हणाली, "मशीन डोंबिवलीचं आहे. जुनं आहे, दर तासाला चहा लागतो, पाठीचा पार्ट गेलेला आहे. फुकट घेऊन जा म्हणावं. परत मात्र घेणार नाही. आणि शिपिंग आमच्याकडून!"

मी शिपिंग कंपनीतच आहे. कंटेनरचा दर तिने मलाच काढायला लावला.