उभ्यानं पाहिलेला समुद्र

आमच्या लहानपणी सहल म्हणजे मार्कंड्याची जत्रा. वैनगंगेच्या वाळूत बसून घरचे पोहे खायचे, देवळाच्या भिंतीवरच्या मूर्तींकडे माना वर करून "काय बारीक काम हाये!" म्हणायचं आणि दिवस मावळायच्या आत परत. आता ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावात समुद्र पाहिल्याशिवाय माणसाला कोणी हिशेबात धरत नाही. धान विकून झालं की लोक बल्लारशाहून गाडीत बसतात आणि थेट विशाखापट्टणमला, आमच्या तोंडच्या वैजागला, उतरतात. मुंबईला समुद्र आहे हे आम्ही पुस्तकात वाचलेलं आहे, पण तिकडे जायचं कोणाला सुचत नाही. आपल्या राज्याचा समुद्र सोडून दुसऱ्यांच्या समुद्रावर कशाला, असं मी एकदा बाबांना विचारलं होतं. "समुद्राचा का सातबारा रायते?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

आमच्या घरी वैजागचं आणखी एक कारण होतं, ते म्हणजे माझी वहिनी. ती सिरोंच्याची, त्यामुळे तेलुगू तिची घरचीच. गावात असते तेव्हा डोक्यावरून पदर घेऊन "हो आई, नाही आई" करते. पण गाडीनं आंध्रात पाऊल टाकलं की तिचा पदर खांद्यावर येतो आणि आवाज दुप्पट होतो. मग रिक्षा कुठली करायची, इडली किती खायची आणि दादानं कुठे गप्प बसायचं, हे सगळं ती ठरवते. दादा त्या चार दिवसांत नुसता मान हलवत असतो. बाबा तर तिला विचारल्याशिवाय चहासुद्धा मागत नाहीत.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते दादाचं लग्न झालं त्या वर्षी. नव्या जोडप्याला फिरायला पाठवायचं ठरलं आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे जोडप्यासोबत आई, बाबा आणि मी असे तिघं गेलो. सोबत लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचा मोठा डबा.  समुद्र दिसल्यावर बाबा डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "येवढं पानी, अन् एका बांधीच्या कामाचं नाई." धानाच्या बांधीला, म्हणजे खाचराला, उपयोग नसलेलं पाणी त्यांच्या मते पाणीच नव्हे. आमच्या गावच्या तलावाची त्यांनी त्या दिवशी इतकी स्तुती केली, की वैजागच्या लोकांना मराठी येत असतं तर ते तलाव बघायला आमच्यासोबत परत आले असते.

दादाला समुद्रात बुडणारा सूर्य हवा होता. मोबाईलवर कुठल्या तरी फिरस्त्यानं तो दाखवला होता. दादा संध्याकाळी मोबाईल उंच धरून पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. उजेड कमी कमी होत गेला तरी सूर्य काही येईना. मी मागे वळून पाहिलं तर तो हॉटेलांच्या मागे, डोंगराआड निवांत बुडत होता. पूर्वेच्या किनाऱ्यावर सूर्य पाण्यात बुडत नाही हे मी शाळेत पोरांना शिकवते, आणि माझा सख्खा भाऊ पदवीधर आहे. शहर वहिनीच्या भाषेचं असल्यामुळे दोष वहिनीवर ढकलून दादा मोकळा झाला.

आई मात्र पहिल्याच लाटेला फतकल मारून वाळूत बसली. पाय पसरून, पातळ भिजवून, लहान पोरीसारखी. लाट आली की खिदळायची, लाट गेली की पुढची कधी येते म्हणून वाट बघायची. आम्हाला तिला हाताला धरून उठवावं लागलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, मोहफुलांच्या दिवसांत, शेजारच्या काकूला वाघानं नेलं. आई तिच्यासोबत होती. दोघी कितीतरी वर्षं जोडीनं मोह वेचायच्या. त्या दिवशी उजाडताना दोघी गेल्या आणि एकटी आई ओरडत परत आली. पुढचं ती कधी बोलली नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आमच्याकडे असं झालं की काय झालं असेल ते सगळ्यांना आधीच माहीत असतं. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, हे आमच्या गावात पोराला चालता येण्याआधी कळतं. गावात जंगल खात्याचे कोणी साहेब आले आणि जंगलात जाऊ नका असं सांगून, चहा पिऊन गेले. जंगल आमच्या परसाला लागून आहे. साहेबांचं ऐकायचं म्हटलं तर आम्ही न्हाणीघरातसुद्धा जाऊ नये.

तेव्हापासून आई उघड्यावर बसेनाशी झाली. घरात बसायची, जेवायची, भाजी चिरायची. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की मात्र उभी. अंगणात उभी, विहिरीवर उभी, लग्नाच्या मांडवातही उभी. रोवणीच्या दिवसांत तर कमाल झाली. चिखलात धानाची रोपं लावण्यात आईचा हात सगळ्या गावात चालता. त्या वर्षी ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन उभी राहिली आणि दिवसभर रानाकडे बघत राहिली. बाकीच्या बायका वाकून रोवत होत्या आणि तिला हसत होत्या. "बाई तं मुकादम झाली!" मला इतका राग आला की मी त्यांच्याशी भांडून घेतलं. आईनं मलाच गप्प केलं.

मग घरात निदानं सुरू झाली. बाबांच्या मते तिचे गुडघे गेले होते. दादाच्या मते भीती मनात बसली होती. वहिनीनं मिरच्या ओवाळून टाकल्या. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "मन रमवा त्यांचं. जरा कुठं फिरवून आणा." दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच दादा म्हणाला, "वैजाग." समुद्रावर वाघ नसतो, तेव्हा आई तिथे बसेल. एकदा बसली की इकडेही बसेल. मलाही ते पटलं. शिकलेल्या माणसाला सोपा उपाय फार लवकर पटतो.

तर दुसरी खेप. लॉजच्या मॅनेजरनं आधार कार्डावर चंद्रपूर जिल्हा वाचला आणि खुर्चीतून उठला. "टायगर! टायगर!" तो ताडोब्याला तीनदा येऊन गेला होता, उघड्या जिप्सीत बसला होता आणि त्याला एकदाही वाघ दिसला नव्हता. वाघ दिसावा म्हणून जिप्सीत श्वास रोखून गप्प बसावं लागतं, हे त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. आम्ही वाघ दिसू नये म्हणून बोंबलत चालतो, हे वहिनीनं त्याला समजावून सांगितलं. तो खूप हसला. आम्ही रोज वाघ बघतो असं समजून त्यानं बाबांसोबत फोटो काढून घेतला. बाबाही असे ताठ उभे राहिले, जणू वाघ त्यांच्याच गोठ्यात बांधलेला असतो. आई तोवर खोलीत निघून गेली होती. मला त्या दोघांचाही राग आला, बाबांचा जरा जास्त.

लॉजपासून किनाऱ्याला जायला सुरूच्या झाडांतून पायवाट होती. वैजागची पोरं तिथे क्रिकेट खेळतात. आई मात्र वाटेच्या तोंडाशी थांबली आणि तिनं आम्हाला रांगेत लावून घेतलं, गावात लावतात तसं. सगळे एकामागे एक, मागे दादा काठी घेऊन, मध्ये बायका, पुढे बाबा. आणि मोठ्यानं बोलत राहायचं. मोठ्यानं काय बोलावं ते कोणालाच सुचेना, म्हणून बाबांनी वड्यांचा स्टीलचा डबा बडवायला सुरुवात केली. आम्ही असे वाजत गाजत सुरूच्या बनातून निघालो तेव्हा क्रिकेट थांबलं. एक सुरक्षारक्षक शिटी फुंकत आला. वहिनी त्याच्याशी दोन वाक्यं बोलली आणि त्यानं बाबांना हात जोडले. काय सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "म्या म्हनलं, आमचे सासरे झाडीपट्टीच्या नाटकात हिरो हायेत. तालीम करून राह्यले." पुढचे दिवस तो रक्षक बाबांना रोज नमस्कार करायचा आणि बाबा तो नटासारखा स्वीकारायचे.

पण आई काही बसली नाही. पाण्याच्या काठाला उभी राहिली, लाटा पायांवर घेतल्या. आणि दिवस कलायला लागला की कोंबड्या खुराड्यात घालाव्यात तसं आम्हाला हाकत लॉजवर नेलं. आख्खं शहर किनाऱ्याकडे यायला निघालेलं असायचं, आणि आम्ही सगळ्यांच्या उलट्या दिशेनं डबा बडवत. परत आल्यावर गावात लोकांनी विचारलं, "पाह्यला का समुद्र?" आई म्हणाली, "हाव, पाह्यला."  त्या वर्षीच्या रोवणीलाही आई धुऱ्यावरच.

यंदा तिसऱ्यांदा गेलो. ही शेवटची खेप असं दादानं निघतानाच सांगून टाकलं. आईला कळेल एवढ्या मोठ्यानं सांगितलं हे मला आवडलं नाही. बसली तर बसली, नाही तर मग नागपूरच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचं, तिथे गोळ्या देऊन झोपवून ठेवतात म्हणे. आईनं ते ऐकलं आणि पिशवी भरत राहिली. मला गाडीत रात्रभर तेच आठवत होतं. शेवटच्या दिवशीपर्यंत ती उभीच होती.

शेवटच्या संध्याकाळी बाबांना काठावर आणून ठेवलेली मोठी पाणबुडी पुन्हा बघायची होती. आतून दोनदा बघूनही एवढं लोखंड पाण्याखाली जाऊन परत वर येतं, यावर त्यांचा विश्वास बसलेला नव्हता. दादा आणि वहिनी त्यांच्यासोबत गेले. मी आणि आई वाळूवर राहिलो. चहूकडे माणसंच माणसं, भाजलेली कणसं खाणारी, पोरांच्या मागे धावणारी. मी बसले होते. आई माझ्या शेजारी उभी होती, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिची पाठ समुद्राकडे आहे. एवढा प्रवास करून आलेली बाई सुरूच्या झाडांकडे बघत होती.

माझं डोकं फिरलं.

"आई, बस नं आता! इथी का वाघ येनार हाये? आमी का तुले उभं कराले आनतो इथी दरसाली? कायचं येवढं भेव वाटते तुले?"

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नजर झाडांवर ठेवूनच म्हणाली, "मले भेव नाई वाटत."

"मंग काऊन उभी रायते?"

 ती साध्या आवाजात सांगायला लागली, रोजचं काम सांगावं तसं. "मोहाखाली दोघी जात होतो नं, तं एकीनं वेचाचं अन् एकीनं उभं राह्याचं. चहूकडं पाहाचं. टोपली भरली का बदलाचं. त्या दिवशी माहा नंबर होता उभं राह्याचा. पन रात्री वारा सुटला होता, येवढे फुलं पडले होते का जमीन दिसत नोती. म्हनलं, दोन मुठी मीबी उचलतो. वाकली. अन् मान वर केली तं मैतरीन तिथी नोती."

लाट येऊन गेली.  गुडघे, भीती, मिरच्या, कॅल्शियम, समुद्र. आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या मनातली भीती काढायचा सपाटा लावला होता आणि भीती तिच्यात नव्हतीच. धुऱ्यावर, अंगणात, विहिरीवर, इथे वैजागला, ती आपला नंबर सांभाळत उभी होती. तिच्या जागी उभं राहायला एवढ्या दिवसांत कोणी गेलंच नव्हतं.

मी उठले. कपड्यांची वाळू झटकली आणि तिच्यासमोर उभी राहिले.

"आता माहा नंबर. तू बस."

आई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती रागावेल. तिनं माझे दोन्ही खांदे धरले आणि मला फिरवून झाडांकडे तोंड करून उभं केलं. "समुद्राकडं पाहाचं नाई," ती म्हणाली. "तिकडं पाय, झाडीच्या बुडाशी. अन् तो मोबाईल ठेव पर्समंदी." मी मोबाईल ठेवला. मग मला मागे तिचे गुडघे वाजल्याचं ऐकू आलं, पातळाची सळसळ ऐकू आली, आणि ओल्या वाळूत ती धपकन बसली.  मग ती रडायला लागली, मोठ्यानं, माहेरच्या दारात रडावं तशी. मलाही रडू फुटलं, पण मी मागे वळले नाही आणि डोळे पुसायला मान खाली घातली नाही.

बाबा, दादा आणि वहिनी बनातून बाहेर आले. दादा हात वर करून "चला, अंधार पडून राह्यला" असं म्हणणार होता, ते त्याच्या तोंडातच राहिलं.  बाबा येऊन माझ्या शेजारी उभे राहिले, झाडांकडे तोंड करून.

"थकली तं सांगजो," आई मागून म्हणाली.

"नाई थकली," मी म्हटलं.

दिवे लागले, कणसंवाल्यांच्या शेगड्या पेटल्या. आई अंधारातही बसूनच राहिली.