कोर्टाचा साहेब आणि माठातलं पाणी

मंडळी, आज दुपारचा प्रकार डोक्यातून जात नाहीये.

सकाळी शेजारची गोमती आली. "तुझ्या पोराचा सदरा दे गो. ठाण्याच्या कोर्टाचा माणूस येनार हाय."

तिच्या वारलेल्या दिराचा मुलगा केशव तिच्याकडे असतो. त्याची आई चेण्याला माहेरी आहे, ती पोराला परत मागतेय. सुनावणीआधी पोराचं कसं चाललंय ते साहेब बघणार होते. मिठागरातला बापाचा हिस्सा केशवच्याच नावावर आहे, म्हणून मला गोमतीच्या या मायेचा भरवसा वाटत नाही. दुपारी मीही तिच्याकडे जाऊन बसले.

लढाईमुळे रेशनवरही साखर दिसेनाशी झालीय, तरी साहेबांचा चहा गोडमिट्ट होता. माझ्या पोराच्या सदऱ्यात केशव कोपऱ्यात उभा.

"इथे बरा आहेस ना?" साहेबांनी त्याला विचारलं.

त्याने गोमतीकडे बघून मान डोलावली. मग हळूच म्हणाला, "काकी, पाणी पिऊ?"

साहेब खूश. "वळण चांगलं लावलंय," म्हणाले आणि निघाले.

मी घरी आले, तर माझा पोरगा माठात तांब्या बुडवून घटाघटा पीत होता. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

तुमची पोरं घरातलं पाणी विचारून पितात का?