तिसऱ्यांदा पडताना

बर्मिंगहॅममध्ये आमच्या शेजारी एक इटालियन बाई राहायच्या. तरुणपणी त्या नेपल्सच्या रंगभूमीवर विनोदी नटी होत्या. पुढे सिनेमात भांडखोर मोलकरणी आणि लग्न होऊन इकडे आल्यावर टीव्हीवर इटालियन सासवा. प्रत्येक भूमिकेत त्या एकदा तरी खुर्चीवरून पडायच्या. "पडण्यावरच पोट भरलं माझं," म्हणायच्या.

गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत मीच त्यांना आग्रहाने स्टेजवर नेलं. ऐंशीच्या घरातल्या बाई अशा काही पडल्या, की हॉल हसून लोळला. मी पहिल्या रांगेतून ओरडलो, "वन्स मोअर!" वडिलांबरोबर संगीत नाटकांना जायचो, तेव्हापासूनची सवय. त्या उठल्या आणि पुन्हा पडल्या. मी पुन्हा ओरडलो. आता मागचेही ओरडू लागले.

तिसऱ्यांदा पडल्यावर त्या उठल्या नाहीत. आम्ही टाळ्या वाजवत राहिलो.

खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलमध्ये मी माफी मागू लागलो, तर त्यांनी मला थांबवलं.

"ते राहू दे. तिसऱ्यांदा हसले का?"

"सगळ्यांत जास्त. आम्हाला वाटलं, अभिनयच आहे."

त्यांनी समाधानाने डोळे मिटले.

त्यानंतर त्या चालल्या नाहीत. आता केअर होममध्ये असतात. मी दर रविवारी जातो. नवी नर्स आली, की तिला हा प्रसंग माझ्याकडून ऐकवतात, माझ्या ओरडण्यासकट. मग नर्सच्या तोंडाकडे बघत राहतात. अजून कोणी हसलेलं नाही. मी नीट सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.