नवरदेवाच्या हातातली संगीन

आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी "ताई, तुम्हीसुद्धा?" असं विचारायला नको. अंगात येणं, उतारे, झपाटलेली झाडं... यातलं काहीही मला आजवर पटलेलं नाही. कुणी असल्या गोष्टी रंगवायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकते. मी लोखंडावर विश्वास ठेवणारी बाई आहे! आणि आता जे सांगणार आहे ते नेमकं लोखंडावरच घडलं, म्हणून तर माझी पंचाईत झालीय.

लोखंड म्हणजे काय ते सांगते. माझे वडील नाशिकला लायसनच्या बंदुका दुरुस्त करायचे. त्यांच्याकडून मला एक खूळ लागलं — जुन्या लष्करी रायफली आणि संगिनी कोणत्या सालच्या, ते त्यांच्यावरच्या ठशांवरून ओळखायचं. वर मुकुट, खाली राजाची अक्षरं, मग कारखान्याची खूण, मग साल. रायफलीच्या बोल्टवरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळला तर ती मूळची, नाही जुळला तर कुणीतरी केलेलं जोडकाम. जुन्या वस्तू जमवणारे लोक मला फोटो पाठवतात. "ताई, ही शिवकालीन बंदूक" म्हणतात आणि फोटोत मला इंग्रजी मुकुट ढळढळीत दिसतो. मग मी सांगते आणि त्यांना राग येतो. येऊ दे. ठसा खोटं बोलत नाही, असं मी जन्मभर सगळ्यांना ऐकवत आले.

मी जव्हारला राहते. गेल्या लग्नसराईत मोखाड्याहून सुनंदाचा फोन आला. सुनंदा माझी शाळेतली मैत्रीण. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान, मागच्या आळीत घर. तिच्या अनिकेतचं लग्न ठरलं होतं.

"दोन दिवस आधीच ये," म्हणाली. "आणि तुझं ते भिंग घेऊन ये."

"लग्नाला भिंग कशाला गं?"

"कट्यारीचं भांडण मिटवायचंय. तू मिटव, नाहीतर मी त्या कट्यारीनं नानांनाच हाणणार आहे."

आपल्याकडे नवरदेवाच्या हातात कट्यार असते, टोकाला लिंबू खोचलेलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सुनंदाच्या सासरी कट्यार नाही, संगीन आहे! रायफलीच्या तोंडाला बसवतात ती लांब सुरी. सुनंदाचे सासरे म्हणजे नाना. नानांचे आजोबा पहिल्या महायुद्धात इराकात, बसऱ्याला गेले होते, त्यांनी ती येताना आणली. तेव्हापासून घरातला प्रत्येक नवरदेव ती हातात धरून बोहल्यावर चढतो, आणि घरात सगळे तिला कट्यारच म्हणतात. धार नाही, टोक घासून बोथट केलंय, पण मान असा की देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी तिची जागा.

आता भांडण. नानांच्या लग्नात करवली होती त्यांची धाकटी बहीण, कुसुमआत्या. तेव्हा ती परकर-पोलक्यातली पोर. वऱ्हाड मोखाड्याहून बैलगाड्यांनी जामसरला निघालं. ओढा उतरताना कट्यार आत्याच्या हातून पाण्यात पडली. गाड्या पुढे गेल्या, ही पोर रडत मागे थांबली, कमरेएवढ्या पाण्यात चाचपडत बसली, आणि मुहूर्ताच्या जरा आधी ओलीचिंब होऊन कट्यार घेऊन मांडवात हजर झाली. नानांनी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि भर मांडवात म्हणाले, "ही आपली नाही. मूठ निराळी आहे. आपली हिनं घालवली आणि गावातल्या कुणा शिपायाची मागून आणली."

झालं! तेव्हापासून आत्यानं त्या कट्यारीला हात लावला नाही. सगळ्या भाच्यांच्या लग्नांना ती आली, पण मागच्या खुर्चीत बसली. आणि नाना असे खमके, की दर लग्नात कट्यार बाहेर काढली की एकदा तरी ते वाक्य टाकणारच — "खरी तर कुसुमनं ओढ्यात घातली." लोक हसायचे. आत्याही हसायची. पण ते हसू कसलं असतं ते बायकांना बरोबर कळतं.

या वेळी अनिकेतनं हट्ट धरला. "माझ्या हातात कट्यार आत्याआजीच देणार. नाहीतर मी रिकाम्या हातानं उभा राहीन." आत्या म्हणाली, "नाना देईल माझ्या हातात, तर मी देईन तुझ्या." आणि नाना म्हणाले, "ठशावर साल असतं म्हणतात ना? पहिल्या लढाईतलं निघालं तर देईन. दुसऱ्या लढाईतलं निघालं तर मी म्हणतो तेच खरं."

एवढं साधं होतं सगळं. आणि सगळं माझ्या गळ्यात!

हळदीच्या दिवशी सकाळी मी ओटीवर पाट मांडून बसले. सगळं घर भोवती. अनिकेतनं पात्याच्या मुठीजवळ बोट ठेवलं आणि ओरडलाच, "मावशी, हे बघ, एकोणीसशे सात! जिंकलो!"

"जिंकला नाहीस रे बाबा," मी म्हटलं. "तो नमुन्याचा आकडा आहे. सात साली तो नमुना ठरला. पुढे दुसऱ्या लढाईपर्यंत संगिनी घडत होत्या आणि सगळ्यांवर हाच आकडा. खरं साल त्याच्या खाली असतं, बारीक. आधी महिना, मग वरती एक टिंब, मग सालाचे शेवटचे दोन आकडे."

ही चूक सगळेच करतात, म्हणून मी जरा तोऱ्यातच भिंग डोळ्याला लावलं. मुकुट दिसला, अर्धा. राजाची अक्षरं पुसट. सात साल ठळक. आणि त्याच्या खाली... काही नाही. सपाट! दर लग्नाआधी चिंच आणि विटकरीच्या भुकटीनं इतकं घासलं होतं, की कारखान्याची खूणही गेली होती. बॅटरी तिरकी धरून पाहिलं, उन्हात नेऊन पाहिलं, नखानं चाचपलं. पात्याची लांबी मोजावी, तर टोक घासून आखूड केलेलं. मुठीच्या लाकडी पट्ट्या तर कुणीतरी मागाहून बसवलेल्या.

"नाही सांगता येत," मी म्हटलं. असं म्हणायची मला सवय नाही हो.

नानांनी घसा खाकरला. आत्या मात्र उठली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे गं पोरी. तू कशाला तोंड पाडतेस? मी मागच्या खुर्चीत मजेत असते. तिथं पंख्याचं वारं बरं येतं." मला इतकं वाईट वाटलं ना, की मी मोरीत जाऊन उगाच तोंड धुतलं.

दुपारी हळद. त्यांच्याकडे नवरदेवाच्या आधी कट्यारीला हळद लागते. सुनंदानं वाटीतली ओली हळद घेतली, पातं दोन्ही बाजूंनी माखलं, कपाळाला लावलं आणि अंगठ्यानं निपटून काढलं. बाहेर बँडवाले सूर जुळवत होते, बायकांची गाणी चालली होती, मी खिन्नपणे भजी खात होते. तेवढ्यात सुनंदा थबकली.

"अगं ए... इकडे ये."

पात्यावर, सात सालाच्या खाली, पिवळ्याधमक बारीक रेघांत आकडे उमटले होते. तीन. वरती एक टिंब. मग सतरा.

माझ्या हातातलं भजं पडलं. भिंग लावलं... खोदीव ठसा, तांदळाच्या दाण्याएवढा, कडा धारदार. टिंबसुद्धा जिथं असायला हवं तिथंच. सन सतरा, मार्च महिना. लढाई ऐन भरात, नानांचे आजोबा बसऱ्याला! "सतरा!" मी किंचाळले असेन, कारण बँड बंद पडला. सगळे धावले. ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये फोटो. करवल्या, आचारी, शेजारचा टेलर, सगळ्यांनी आपापल्या डोळ्यांनी वाचलं. नानांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला, पुन्हा घातला.

मग ते उठले. वाटीतली मूठभर हळद घेतली, मागच्या खुर्चीपर्यंत गेले आणि आत्याच्या दोन्ही गालांना फासली.

"चुकलो बाई मी," म्हणाले. "लई वर्षं चुकलो."

"अरे हळूऽ! डोळ्यात गेली माझ्या!" आत्या ओरडली. हळद डोळ्यात गेली म्हणून रडतेय की कशानं, ते विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. मग काय विचारता! तारपेवाले आले होते, त्यांनी जो फेर धरला, त्यात आत्या सगळ्यात पुढे. सत्तरीची बाई, पण पाय असे पडत होते की पोरींना दम लागला. नाना टाळ्या वाजवत होते, तेही चुकीच्या तालावर. इतकी मी कुठल्याच लग्नात हसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मांडवात नानांनी स्वतः देवघरातून कट्यार आणली, आत्याच्या हातात ठेवली आणि तिच्यासमोर हात जोडले. आत्यानं लिंबू खोचून ती अनिकेतला दिली. तिचा चेहरा... नवरीपेक्षा तीच जास्त उजळली होती, आणि नवरीलाही त्याचं काही वाटलं नसावं.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण लग्नानंतर सुनंदा म्हणाली, "हळदीनं गंज धरेल गं, तूच नीट तेल लावून दे." मी कट्यार जव्हारला घरी आणली, कोमट पाण्यानं धुतली, कोरडी केली, आणि सवयीनं भिंग लावलं.

सात सालाच्या खाली काही नव्हतं. सपाट!

मी पुन्हा हळद लावली. निपटली. काही नाही. खडू घासला, काजळी घासली. पुसलेला ठसा आम्लानं कधी कधी वर येतो, म्हणून हळदीत लिंबू पिळून बघितलं. काही नाही. वाटलं, सगळ्यांना हवंसं होतं म्हणून दिसलं असेल. पण मोबाइलला काय हवंसं असतं? फोटोत तीन आहे, टिंब आहे, सतरा आहे. कुणी काडीनं रंगवलं म्हणावं, तर टिंबाचं मी सकाळी तोंडी सांगितलं होतं खरं, पण ते कसं नि कुठं येतं ते त्या घरात बघितलेलं कोण होतं? आणि इतकं बारीक, धारदार? मी स्वतः करून बघितलं. फरकाटे उठतात नुसते.

दोन दिवस मला झोप नाही. सांगायचं की नाही? मी ठशांच्या बाबतीत कधी लपवाछपवी केलेली नाही. पण आत्याचा तो उजळलेला चेहरा... शेवटी कट्यार परत द्यायला मोखाड्याला गेले तेव्हा नाना एकटेच ओटीवर होते. मनाचा हिय्या करून म्हटलं, "नाना, एक सांगायचंय. तो ठसा—"

"नाही ना तिथं?" नाना म्हणाले.

मी कट्यार पिशवीतून बाहेर काढली.

"लग्नाच्या दिवशी पहाटेच बघितलं मी. पुसली, चष्मा लावला. गुळगुळीत."

"पहाटे? म्हणजे आत्यांच्या हातात द्यायच्या आधी?"

"आधीच."

"मग तरी दिलीत?"

नानांनी कट्यार माझ्या हातातून घेतली, धोतराच्या सोग्यानं उगाच पुसली, देवघराकडे पाहिलं. "एकदा दाखवलं ना त्यानं मला? माझ्यासारख्या आडमुठ्याला त्यानं दाखवावं किती वेळा? कुसुमला काही बोलू नको." मग जरा हसले. "आणि बोललीस तरी ती म्हणेल, मला ठसा कधी लागत होता?"

तेवढ्यात आतून आत्याचा आवाज आला, "नाना, चहा निवतोय!" हल्ली ती महिन्यातले निम्मे दिवस सासरहून माहेरी येऊन राहते.

मला अजून काही कळलेलं नाही. फोटो अधूनमधून उघडते, वाचते, बंद करते. इथल्या कुणाला यातलं काही उमगलं तर मला जरूर कळवा, मी वाट बघतेय. पण मोखाड्याला विचारायला मात्र कुणी जाऊ नका. तिथं भाऊ-बहीण चहा पीत बसलेत, त्यांना बसू द्या.