डाव्या हाताची पकड

मृण्मयी, ईशान — हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या बाबाला नाही, तुमच्या आजोबांनाही नाही. आजोबांच्या शेवटच्या आठवड्यात एकदा ओठांवर आलं होतं. पण जाणाऱ्या माणसाच्या उशाशी बसून आपलं ओझं हलकं करायचं, हे बरं दिसत नाही — अशी मी स्वतःची समजूत घातली. समजूत घालणं मला चांगलं जमतं. पुढे वाचाल तेव्हा कळेलच.

आत्ताच का लिहितेय? मागच्या रविवारी, मृण्मयी, तू व्हिडिओ कॉलवर माझ्यावर सराव केलास. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला तुम्हाला मेंदूच्या पेशंटची तपासणी शिकवताहेत म्हणालीस. “आजी, दात दाखव. आता दोन्ही हात वर. डोळे मीट. मी म्हणते ते वाक्य म्हण.” आणि मागून ईशान ओरडत होता, “आजीचा डावा हात खाली येतोय! आजी फेल!” मी पण हसले. मग तू म्हणालीस की वर्गात तू सगळ्यांना सांगितलं आहेस, माझी आजी यात एकदम तयार होती, नुसतं पेशंटकडे बघून सांगायची. मी म्हटलं, आवाज तुटतोय गं, नंतर बोलू. आवाज तुटत नव्हता.

आणि त्याच आठवड्यात कळलं की लहानू गेला. लहानू कोण, ते तुम्हाला माहीत नाही. पण त्याचे चिकू तुम्ही खाल्ले आहेत.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, मलाही. नोकरीभर मी इंग्रजीतच लिहीत आले. पण इंग्रजीत हे दोन ओळींत बसलं असतं, आणि त्या दोन ओळींत मी कुठेच सापडले नसते. तेव्हा सावकाश वाचा. अडलं तर बाबाला विचारा — त्यालाही असंच कळू दे.

माझा व्यवस्थितपणा तुम्हाला ठाऊक आहे. डब्यांवर चिठ्ठ्या, चादरींना इस्त्री, चपला एका रेषेत. तुमची आई अजून थट्टा करते. वॉर्डमध्येही मी तशीच होते. तलासरीच्या बाजूला एका ट्रस्टचं छोटं हॉस्पिटल होतं, आता बंद आहे. डहाणूहून मी रोज एसटीने तिथे जायची. तिथली मी मुख्य सिस्टर. डोक्याला मार लागलेले, झटके येणारे, लकवा मारलेले असे पेशंट आले की डॉक्टरांच्या आधी मीच बघायची. डोळ्यांत बॅटरी मारायची, दोन्ही हातांनी माझी बोटं दाबायला लावायची, नाव-गाव विचारायची.

आणि बायकांसाठी माझी एक खास युक्ती होती. तिचा मला फार अभिमान होता — खोटं कशाला बोलू? मी म्हणायची, “नवऱ्याचं नाव घे बघू.” आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव सहज तोंडावर आणत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. घ्यायचंच तर उखाण्यात गुंफून घेते. त्यामुळे हे विचारलं की कितीही आजारी बाई असो, लाजायची. आणि त्या लाजण्यात मला सगळं दिसायचं. तिला प्रश्न कळला. दोन्ही गाल सारखे हलले. हात आपोआप पदराकडे गेला. पुढे उखाणा आला तर स्मरणशक्ती आणि वाचाही तपासून झाली. नव्या मुलींना मी हे शिकवायची. पुस्तकात हे मिळणार नाही, म्हणायची.

लहानूच्या बायकोला, जमनीला, आणलं त्या दिवशी ट्रस्टचे एक मोठे देणगीदार हॉस्पिटल बघायला यायचे होते. सकाळपासून मी वॉर्डच्या मागे लागले होते. चादरी बदलल्या, फिनेल झालं, नातेवाइकांना व्हरांड्यात काढलं. अशा गडबडीत उधवा गावाच्या एका पाड्यावरून लहानू बायकोला घेऊन आला. शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर, मध्ये तिला बसवून, मागून स्वतः धरून. घामाने भिजला होता. चिकूच्या वाडीत रोजंदारीवर जाणारा माणूस, साधारण तुमच्या बाबाच्या आजच्या वयाचा. म्हणाला, दोघं जेवायला बसलो होतो, बोलता बोलता हिच्या हातातली भाकर पडली. उचलायला गेली, परत पडली. मग उठलो आणि तसेच निघालो.

लक्षात ठेव, मृण्मयी. त्याने मला सगळं सांगितलं होतं. कधी झालं, कसं झालं. तू आज शिकतेस तो सगळ्यात पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर त्या माणसाने मी न विचारता दिलं होतं.

मी जमनीला खाटेवर बसवलं. रक्तदाब वाढलेला होता, ते बघितलं. मग बाहेर गाडी वाजली की काय म्हणून एक कान तिकडे ठेवून मी नेहमीचं म्हटलं — “काय गं, नवऱ्याचं नाव घे बघू.”

तिने मान खाली घातली. पदर तोंडावर ओढला. काही बोलली नाही.

शेजारच्या खाटेवर सातपाटीकडची एक म्हातारी होती, दम्याची. तिची करमणूक झाली. “घे गो नाव, घे! लगीन काल झाला का गो तुझा?” सगळा वॉर्ड हसला. मी पण हसले. लाजते म्हणजे ठीक आहे, असं मनाशी म्हटलं आणि पुढच्या खाटेवरची चादर ओढायला गेले.

तिने पदर डाव्या हाताने ओढला होता. आयुष्यभर उजव्या हाताने भाकऱ्या थापणारी बाई पदर डाव्या हाताने ओढते, आणि मी बघत होते. पदराखाली तोंडाचा एक कोपरा लोंबत असणार. मी पदर बाजूला केला नाही. एवढंच करायचं होतं ना? एक पदर.

लहानू दारात येऊन म्हणाला, “सिस्टरबाय, ती बोलत नाय. मना बघते निसती, बोलत नाय.” मी म्हटलं, “अरे, लाजते ती. एवढ्या लोकांत काय बोलणार? तू बाहेर बस, आत्ता साहेब यायचेत.” तो गेला. थोड्या वेळाने परत आला. दुसऱ्यांदा मी त्याला आवाज चढवून बाहेर काढलं.

इथवरची चूक मी कदाचित कधीतरी सांगू शकले असते. चूक सगळ्यांकडून होते. मीही नव्या मुलींच्या चुका पोटात घातल्या आहेत. मला सांगायचं आहे ते ह्याच्या पुढचं. मी अजून त्याच्याभोवती फिरतेय — दिसतंय ना तुम्हाला?

देणगीदार आले, चहा झाला, फोटो झाले, गेले. मग आमचे डॉक्टर राऊंडला आले. त्यांनी जमनीचा पदर बाजूला केला. तोंड वाकडं. उजवा हात उचलला, सोडला, तो गादीवर आपटला. उजवा पायही तसाच. ते म्हणाले, “सिस्टर, हे कधीपासून?”

हा प्रश्न साधा नव्हता. मेंदूत अडकलेली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन असतं. आमच्याकडे नव्हतं, वापीला मिळत होतं, आणि वापी तिथून लांब नाही. पण ते लकव्याचा झटका आल्यापासून ठरावीक वेळेतच देता येतं. ती वेळ अजून पूर्ण सरली नव्हती. काठावर होती. त्याच क्षणी गाडीत घातलं असतं तर — पोचलीही असती.

खरं उत्तर हे होतं: “सर, जेवताना झालं. नवऱ्याने मला लगेच सांगितलं. ती माझ्यासमोर दोन-अडीच तास अशी पडून आहे आणि मी बघितलं नाही.”

मी म्हटलं, “सकाळी उठली तेव्हापासूनच असणार, सर. उशिरा आणलं.”

किती सहज आलं ते वाक्य! आधी ठरवलंही नव्हतं. आमच्याकडे ते रोजचंच वाक्य होतं — उशिरा आणलं. पाड्यावरच्या माणसांबद्दल ते म्हटलं की कुणी पुढे काही विचारत नसे. मला ते माहीत होतं.

डॉक्टरांनी लहानूला आत बोलावलं. “सकाळपासून त्रास होता ना हिला?” तो म्हणाला, “व्हय साहेब, सकाळी डोकं दुखते बोलली होती. मी गवत कापाला गेलो.” झालं. माझं खोटं त्याच्याच तोंडून पक्कं झालं. डॉक्टर त्याच्यावर चिडले, इतक्या उशिरा आणतात का, बायको आहे का कोण आहे तुझी, म्हणाले. लहानूने माझ्याकडे बघितलं. तो काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होता. मी उशीचा अभ्रा सरळ करत होते. मग तोच खाली बघून म्हणाला, “चुकला साहेब.”

सकाळपासून म्हणजे इंजेक्शनची वेळ कधीच सरलेली; आता धावपळीचा उपयोग नाही, असं ठरलं. वापीला दुसऱ्या दिवशी पाठवलं.

अजून एक राहिलं आहे. मी ते वाक्य बोलले तेव्हा जमनीच्या खाटेलाच टेकून उभी होते. तिची वाचा गेली होती, समज गेली नव्हती. असे पेशंट असतात, मृण्मयी, तुला पुढे भेटतील. त्यांना प्रत्येक शब्द कळतो. मी “उशिरा आणलं” म्हटलं आणि तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. घट्ट. मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते. ती मान हलवत होती — नाही, नाही.

डॉक्टरांनी विचारलं, “काय झालं?”

मी तिची बोटं एकेक करून सोडवली. आणि म्हटलं, “डाव्या हाताची पकड चांगली आहे, सर.”

हे ते. हेच मला सांगायचं होतं.

लहानूने पुढची सगळी वर्षं पाड्यावर हेच सांगितलं — “मीच उशीर केला.” बायकोला घेऊन व्यायामाला यायचा तेव्हा नव्या पेशंटच्या नातेवाइकांनाही सांगायचा, “माझ्यासारखं करू नका, लगेच आणा.” मी तिथेच असायची. त्या दिवसानंतर मी कुठल्याही बाईला नवऱ्याचं नाव घ्यायला सांगितलं नाही. मुलींनी विचारलं, तर आता जुनं झालं ते, म्हटलं.

काही महिन्यांनी तो हसत, जरा शरमत आला. म्हणाला, “सिस्टरबाय, बोलाला लागली. पन एकच शब्द.” जमनी त्याच्या खांद्याला धरून उभी होती. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, “लहानू.”

लग्नापासून जे नाव तिने चारचौघांत कधी उच्चारलं नव्हतं, तेवढंच तिला परत आलं होतं. पाणी हवं तरी लहानू, पाय दुखला तरी लहानू, कोंबडी घरात शिरली तरी लहानू. पाड्यावरच्या बायका आधी फार हसल्या, म्हणे. तो मात्र प्रत्येक वेळी ओ द्यायचा आणि मग काय हवं ते शोधत बसायचा. कधी दोन-तीन वस्तू पुढे करून बघायचा. त्या दिवशी माझ्यासमोरही तिने माझ्याकडे बोट केलं आणि तेच म्हणाली. दोनदा. तो म्हणाला, “तुमचा उपकार मानते.” मी मान डोलावली.

चिकू तेव्हापासून सुरू झाले. वाडीचा मालक मजुरांना फळं देई, त्यातली निवडून, गवतात घालून तो मला आणून द्यायचा. निवृत्तीनंतर डहाणूला घरी आणायचा. मी नको म्हणायची, पण घ्यायची. घेतलेच नसते तर का, ते सांगावं लागलं असतं. सुट्टीत तुम्ही आलात की अंगणात बसून तेच खायचात. ईशान, तू बिया भिंतीवर मारायचास.

माझं खोटं नसतं तर ती बोलती झाली असती का? कुणी सांगू शकत नाही. इंजेक्शन सगळ्यांना लागू पडतं असं नाही. कित्येक वर्षं मी हे वाक्य जवळ बाळगलं आणि त्यावर झोपले. तुमच्यासमोर ते वापरणार नाही.

लहानूच्या दिवसांना मी उधव्याला जाऊन आले. सगळ्यांसमोर सांगायचं ठरवून गेले होते. त्यांच्या सुनेने चहा दिला आणि म्हणाली, “बाबा तुमची लय आठवन काढायचा.” मी चहा प्यायले. सांगितलं नाही. जमनी दाराशी भिंतीला टेकून बसली होती, केस पांढरे, उजवा हात मांडीवर दुमडलेला. मला बघून तिने ओळखलं. म्हणाली, “लहानू.” आता ओ द्यायला कुणी नव्हतं. मीही दिली नाही. निघताना वाकले, तर तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं, तसंच. ह्या वेळी मी सोडवलं नाही. सून आली आणि तिने सोडवलं.

जमनी आहे. तिला सगळं कळतं. एक शब्द बोलता येतो. डाव्या हाताची पकड अजून चांगली आहे.