जंतू मजेत आसत

काचेची बशी खिडकीच्या उजेडात धरायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "जंतू मजेत आसत." विद्यार्थ्याची वर्षभराची मेहनत तिथेच निकालात. आमचे सर असे होते.

सावंतवाडीच्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली रसायनशास्त्र शिकवायचो. सरांचं संशोधन थायाझोलवर. गंधक आणि नायट्रोजन असलेलं हे पाच अणूंचं कडं बऱ्याच औषधांत असतं. विद्यार्थी त्याला नवी नवी शेपटं जोडत आणि जंतू वाढवलेल्या बशीत थेंब टाकत. जंतू मेले तर थेंबाभोवती स्वच्छ वर्तुळ दिसे. बहुधा दिसत नसे. एकाने आगाऊच पेढे आणले. सरांनी खाल्ले, बशी पाहिली. "पेढो बरो आसा. रसायन फुकट."

मिठबावच्या एका मुलीच्या बशीत मात्र वर्तुळ आलं, चांगलं रुपयाएवढं. तिच्या वडिलांच्या पायात रापणीचं जाळं ओढताना शिंगाळा माशाचा काटा शिरला होता. अंगात साखर, जखम चिघळलेली, कुठलंच औषध लागू पडेना. मोबाइलवर वर्तुळाचा फोटो बघून त्यांनी गुण यावा म्हणून देवळात गाऱ्हाणंही घातलं.

"सर, वायच बाबांच्या जखमेक लावन बघू?"

"जंतू फिनेलान पण मरतत. बापाशीक फिनेल पाजतलंस?"

सगळी प्रयोगशाळा हसली. मग सरांनी स्वतःचं बोट टोचलं, रक्तात तिचं रसायन मिसळलं आणि तिलाच सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. रक्तपेशी फुटून गेल्या होत्या. उरलेली कुपी त्यांनी तिच्या देखत ओतून टाकली. ती रडू लागली, तर म्हणाले, "भायर जावन रड. हंयसर काम चालू आसा."

सर बरोबर होते. म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

वडिलांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सर मला घेऊन इस्पितळात गेले, शहाळी घेऊन. मुलगी उशाशी उभी होती. वडिलांनी हसून विचारलं, "सर, माज्या चेडवाचां औषध वेळेर मेळलां असतां तर पाय वाचलो असतो मां?"

त्या माणसाला उत्तर नको होतं हो, लेकीचं कौतुक हवं होतं. तुम्ही-आम्ही कोणीही "होय" म्हणून मोकळे झालो असतो.

"नाय," सर म्हणाले. "औषध न्हयच तां. वीख."

वडिलांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मुलगी पुन्हा प्रयोगशाळेत आली नाही.

यंदा सर गेले. शोकसभेत आम्ही त्यांच्या सत्यनिष्ठेवर भरभरून बोललो. ती मागच्या बाकावर होती. बाहेर पडताना मी म्हटलं, "आलीस, बरं केलंस."

"सर एकदाच खोटां बोलले असते तर काय बिघडलां असतां?" चपला शोधता शोधता ती म्हणाली. "बाबांनी मरेपर्यंत माज्या हातची एक गोळी घेवक नाय."